मांगं काय होतं?

भांडणाची हकिगत सांगताना माणूस समोरच्याविषयी बोलतो. तो काय म्हणाला, त्याने हात कसा उचलला, त्याच्या हातात काय होते. वकीलसाहेब हे सगळे डोळे मिटून ऐकून घेत. सांगणारा दमला की डोळे उघडून एकच विचारत, "मांगं काय होतं?"

"कोणाच्या मांगं, सायेब?"

"तुह्या. तो पुढून आला, आयकलं मी. तुह्या पाठीमांगं काय होतं? भिंत? नाली? का मोकळं वावर?"

बहुतेकांना आठवत नसे. मग वकीलसाहेब पक्षकाराला सायकलच्या कॅरिअरवर बसवून भांडण झाले त्या जागी नेत आणि त्याला तिथे पाठमोरे चालायला लावीत. माणूस कशाला तरी अडला की त्यांचा चेहरा खुले. अडला नाही की ते उदास होत. "मांगं इतकी जागा होती ना बाबू. सरला कावून नाई? मॅजिस्ट्रेट मले विचारन, मी काय सांगू?"

मी त्या काळात नागपूरच्या एका दैनिकाचा वार्ताहर म्हणून भिलाईला होतो. पोलाद कारखान्याचे बांधकाम चालू होते. पहिली झोतभट्टी अजून पेटायची होती. टाउनशिपमध्ये बातमीदाराला क्वार्टर मिळण्याचा प्रश्नच नव्हता. दुर्गला लागून असलेल्या बोरसीत एका वकिलाच्या घराची मागची खोली रिकामी आहे असे कळले, म्हणून तिथे गेलो. बोरसी तेव्हा गावच होते. वकीलसाहेब अंगणात, भिंतीला खुर्ची टेकवून बसले होते. आधीची जागा का सोडली, असे त्यांनी विचारले. घरमालकाशी भांडण झाल्याचे मी सांगितले.

"कुठं झालं? वर का खाली?"

"वर. माझ्या दाराशी."

"मांगं काय होतं?"

"जिना."

ते उठून उभे राहिले. "मंग बरं केलं तुमी, इकडं आले," असे म्हणाले आणि खोलीची किल्ली दिली.

ते मूळचे भंडारा जिल्ह्यातले. नागपूरला कायदा शिकले, तिथल्या दीक्षेला सहकुटुंब गेले, आणि कारखान्याच्या कामावर विदर्भातली माणसे येऊ लागली तेव्हा त्यांच्या मागोमाग दुर्गला आले. मारपिटीखेरीज दुसरा खटला ते सहसा घेत नसत. अंगाने उंच आणि चालताना किंचित मागे झुकलेले. सुपेल्याच्या बाजारात टिनाच्या छपराचे एक हॉटेल होते. तिथे ते कोपऱ्यातल्या बाकावरच बसत, पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे. तो बाक भरलेला असला तर उभ्याने चहा पीत. समोरून गिट्टीचा ट्रक दिसला की सायकलवरून उतरत, रस्ता सोडून खाली उभे राहत आणि ट्रक गेल्यावर त्याला उद्देशून म्हणत, "जा बाप्पा. तुहाच रस्ता आहे."

घरातही तेच. त्यांच्या पत्नीचा, म्हणजे बाईंचा, आवाज चढला की वकीलसाहेब पाठमोरे निघत. स्वयंपाकघरातून ओसरीत, ओसरीतून अंगणात, अंगणातून थेट जांबाच्या झाडापर्यंत. चेहरा सगळा वेळ बाईंकडे. बाई दारातून ओरडत, "जा, जा! अजून मांगं जा! विहिरीत पडाल एक दिवस!" पण त्यांनीच त्या झाडाखाली एक स्टूल नेऊन ठेवले होते. वकीलसाहेब तिथे पोहोचले की बसत, आणि काही वेळाने बाई चहा तिथेच पाठवीत.

रविवारी सकाळी अंगणात त्यांची कवायत चाले. मजुरांच्या कॅम्पातले आणि बांधकामावरचे पोरगे जमत. बहुतेक विदर्भातले, बरेचसे नुकतेच बौद्ध झालेले. दोघांनी समोरासमोर उभे राहायचे. एकाच्या हातात खराटा. तो अंगावर येणार. दुसऱ्याने हात उघडे ठेवून मागे सरायचे आणि सरताना मोठ्याने म्हणायचे, "नको भाऊ! नको भाऊ!"

"अबे, बायकोले सांगून राहिला का?" वकीलसाहेब ओरडत. "गल्लीतल्या लोकाईले आयकू गेलं पायजे. तोच तुहा साक्षीदार."

पोरगे हसत, एकमेकांना चिडवत. पण येत. त्यांच्यातला एखादा खरोखरच भांडणातून असा निसटून आलेला असे आणि पुढच्या रविवारी ते सगळ्यांना सांगे. कॅम्पात वकीलसाहेबांना 'नको-भाऊ वकील' म्हणत. दुर्गच्या कोर्टातही हे नाव पोहोचले होते, आणि तिथे ते प्रेमाने घेतले जात नसे.

मी एकदा त्यांना विचारले की कायद्यात मागे सरण्याचे बंधन आहे का.

"नाई," ते लगेच म्हणाले. दंड विधानातली कलमे, शहाण्णव ते एकशे सहा, त्यांना तोंडपाठ होती. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराच्या बचावासाठी केलेली गोष्ट गुन्हा नाही. पोलिसांकडे धाव घ्यायला वेळ असेल तर मात्र हा हक्क नाही. आणि गरजेपेक्षा जास्त मारायचे नाही. "पळा म्हून कुठंच लिवलं नाई. इंग्रजानं बी नाई लिवलं."

"मग तुम्ही लोकांना मागे सरायला का शिकवता?"

"कायदा पुस्तकात राहते. मॅजिस्ट्रेट गावातून येते." मग म्हणाले, "आपल्या माणसाचा एक टोला कोर्टात तीन होते. त्याच्या परीस मांगं सरलेलं बरं."

त्यांची आणखी एक सवय सांगितली पाहिजे. भंडाऱ्याला वकिली सुरू केली तेव्हापासून कोर्टात जाताना ते घरून पाणी नेत. सायकलच्या हँडलला दोरीचे शिंके, शिंक्यात मातीची सुरई, सुरईच्या तोंडावर ओला फडका. रस्ता खड्ड्यांचा. एकदा ट्रकला वाट देताना ते नालीत पडले तेव्हा कोट फाटला, गुडघा फुटला, पण सुरई त्यांनी दोन्ही हातांनी वर धरलेली होती. वकिलांच्या बार रूममध्ये मोठा माठ होता. त्याच्या शेजारीच, दाराजवळच्या खुर्चीत वकीलसाहेब बसत आणि आपल्या सुरईतले पाणी पीत. "कोर्टाचं पाणी खारं हाये," असे ते सांगत. मी कोर्टाच्या बातम्या करीत असे, ते पाणी पुष्कळदा प्यालो होतो. खारे नव्हते.

रविवारच्या कवायतीत देवराव नावाचा एक मुलगा येई. साकोलीकडचा, विशीतला, ठेकेदाराच्या टोळीत पाया खोदायच्या कामावर. कारखान्यात खलाशी, म्हणजे अवजड सामान हलवणारा कामगार, म्हणून त्याचे नाव लागले होते, पोलिसांचा चांगल्या वर्तणुकीचा दाखला तेवढा यायचा होता. कवायतीत तो सगळ्यांत वाईट. खराटा अंगावर आला तरी जागेवर उभा राहून शांतपणे "नको भाऊ" म्हणे.

"अबे, पाय हालव!"

"हालत नाई ना सायेब."

"एक दिवस फसशील तू," वकीलसाहेब म्हणाले. "आन् मंग मायाकडंच येशील."

तसेच झाले.

कामावर पिण्याच्या पाण्याचा लोखंडी ड्रम असे, त्यावर फळी, फळीवर डबा. टोळीच्या मेटने, म्हणजे मुकादमाने, एक रीत पाडली होती. विदर्भातल्या या माणसांनी डब्याला हात लावायचा नाही, ओंजळ करायची, दुसऱ्याने वरून ओतायचे. काही दिवस ते चालले. एका दुपारी देवराव ड्रमपाशी गेला, फळी काढली, डबा बुडवला आणि उभ्याने पाणी प्याला. मेट शिव्या देत आला. देवरावने डबा फळीवर नीट ठेवला. मेटने शेजारच्या बाईच्या हातातले फावडे ओढून घेतले आणि डोक्यावर उचलले. देवरावच्या हातात खोदायच्या बेलच्याचा तुटलेला दांडा होता. त्याने तो एकदा चालवला. मेटचे मनगट मोडले, फावडे खाली पडले.

फिर्यादीत तीन टोले लिहिले गेले. डॉक्टरला एकच सापडला.

देवरावच्या मागे काय होते, हा प्रश्न वकीलसाहेबांनी त्याला हवालातीत विचारला. मागे पायाचा खड्डा होता. खोल, आणि तळाशी उभ्या सळया. एक पाऊल मागे टाकले असते तर तो त्या सळयांवर पडला असता. वकीलसाहेब इतके खूष झाले की त्यांनी देवरावच्या पाठीवर थाप मारली.

पण भिलाईत तेव्हा सकाळी पाहिलेली जागा संध्याकाळी तशी राहत नसे. पोलिसांनी घटनास्थळाचा नकाशा काढला तोपर्यंत खड्ड्यात काँक्रीट पडले होते, बाजूची माती भरून वर रोलर फिरला होता. नकाशात देवरावच्या मागे सपाट, मोकळी जमीन होती. त्यात पोलिसांची लबाडी नव्हती, त्यांनी दिसले ते काढले. टोळी दुसऱ्या कामावर गेली होती. अर्धी माणसे पेरणीला गावी गेली होती, उरलेल्यांना मेटच्या हाताखालीच काम करायचे होते. खड्डा होता असे सांगायला कोणी तयार नव्हते.

वकीलसाहेब रोज कोर्ट सुटल्यावर सायकलने बांधकामावर जात आणि भेटेल त्याला विचारीत. शेवटी जिच्या हातातून मेटने फावडे ओढले होते तीच बाई सापडली. सुकवारो तिचे नाव, जवळच्याच खेड्यातली, टोपल्या वाहणारी रेजा. ती कोर्टात आली. सरकारी वकिलांनी तिला दरडावून विचारले की नकाशात नसलेला खड्डा तिला कुठून दिसला.

"गड्ढा नइ रहितिस, त मसाला कामा डारेन, साहेब?" ती म्हणाली. खड्डा नव्हता तर आम्ही काँक्रीट ओतले कशात? मॅजिस्ट्रेटसाहेबांनी मान खाली घालून लिहून घेतले. हसू लपवायला घातली असावी.

आता आरोपीचा जबाब तेवढा उरला होता. आदल्या संध्याकाळी देवराव बोरसीला आला. वकीलसाहेब जांबाखाली स्टुलावर बसले होते, तो समोर जमिनीवर.

"फक्त इतकंच सांगायचं. मांगं गड्ढा होता, सरता नाई आलं. बस."

"होताच ना सायेब. सांगतो."

"आन् पुढं तोंड उघडायचं नाई."

देवराव काडीने मातीत रेघा ओढत होता. "एक विचारू का? रागावू नका. गड्ढा नसता तर मी सरायले पायजे होतं?"

"कोर्टाच्या हिशोबानं सरलेलं बरं राहते."

"माहा आजा गावच्या विहिरीवर दूर उभा राहे, कोणी पाणी वाढन म्हून. माहा बाप बी तसाच. ते सरतच आले ना मांगं. आता मांगं जागाच कुठं उरली, सायेब?"

"हे कोर्टात बोलू नको," वकीलसाहेब म्हणाले. "नोकरी जाईन. जेल होईन. हे घरी बोल, माया अंगणात बोल. तिथं नको."

"बरं," देवराव म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटसाहेबांनी विचारले तेव्हा त्याने हिंदीत उत्तर दिले. "गड्ढा था साहब." मग क्षणभर थांबला. वकीलसाहेब बसल्या जागी किंचित उठले. "नहीं रहता, तो भी मैं पीछे नहीं हटता."

सरकारी वकील याचीच वाट पाहत असल्यासारखे उभे राहिले. आरोपीने स्वतःच कबूल केले आहे, त्याला भांडायचेच होते, बचाव कसला, असे त्यांनी मांडले. शेवटी वळून म्हणाले, "हुजूर, ताज्जुब की बात है. वकीलसाहब तो हर इतवार अपने आँगन में लोगों को पीछे हटना सिखाते हैं." मागच्या बाकांवरचे वकील मोकळेपणाने हसले. कोणीतरी हळूच "नको भाऊ" म्हणाले, ते सगळ्यांना ऐकू गेले.

वकीलसाहेब उभे राहिले. टिपणे त्यांनी टेबलावर पालथी ठेवली. इतक्या दिवसांत मी त्यांना कोर्टात नेहमी टेबलापासून थोडे मागे उभे राहून बोलताना पाहिले होते. त्या दिवशी ते टेबलाला खेटून उभे राहिले.

"हँसने की बात नहीं है," ते म्हणाले. "मैं जो सिखाता हूँ वह डर है, हुजूर. कानून नहीं."

मग त्यांनी कलमे एकेक करून सांगितली. उगारलेले फावडे पोलीस येईपर्यंत थांबत नाही. एक टोला, तोही शस्त्र धरलेल्या हातावर. फावडे पडल्यावर दांडा खाली. पाणी पिणे ही आगळीक नव्हे. आणि ज्याला जिथे उभे राहण्याचा हक्क आहे त्याने तिथून पळावे, असे कायद्यात एका ठिकाणीही लिहिलेले नाही. मागे खड्डा असो की मैदान. ते किती वेळ बोलले ते मी टिपले नाही. मागच्या बाकांवरून पुन्हा आवाज आला नाही.

देवराव सुटला. निकालपत्रात म्हटले होते की मागे खड्डा असल्याने आरोपीला मागे सरणे शक्य नव्हते. खड्डा नसता तर काय, याविषयी त्यात एक शब्दही नव्हता. माझ्या दैनिकात बातमी चार ओळींची आली, त्यातही खड्डाच होता.

"गड्ढ्यानं सोडवलं त्याले," वकीलसाहेब म्हणाले. "कायद्यानं नाई."

देवरावला दाखला मिळाला, तो कारखान्यात लागला. पहिल्या रविवारी तो नव्या बुटांत आला. कवायत बंद झालेली नव्हती. मी भिलाई सोडेपर्यंत ती चालू होती, खराटा, उघडे हात, "नको भाऊ" सगळे तसेच. फक्त मागे सरणारा जांबाच्या झाडाशी पोहोचला की वकीलसाहेब हात वर करीत. "बस. इथपावत. याच्या मांगं नाई." मग पुढे काय करायचे, असे एकाने विचारले. "मंग दंड विधान," ते म्हणाले.

निकालानंतरच्या पहिल्या कामाच्या दिवशी मी त्यांच्याबरोबरच कोर्टात निघालो होतो. सायकली फाटकाबाहेर काढल्या तोच बाई धावत आल्या.

"अवो, सुरई राहिली ना तुमची!"

"राहू दे."

"राहू दे काय? दिवसभर काय पेसान?"

"राहू दे म्हटलं ना."

बाई सुरई कडेवर घेऊन फाटकात उभ्या राहिल्या.

दुपारच्या सुट्टीत बार रूम भरलेली होती. मी एका खटल्याची तारीख विचारायला तिथे गेलो होतो. वकीलसाहेब आपल्या खुर्चीतून उठले. माठावरचे झाकण काढले, ओगराळे आत बुडवले, ग्लास भरला. झाकण परत ठेवले. मग ते पाठ भिंतीला लावून उभे राहिले आणि खोलीकडे पाहत पाणी प्याले. फार सावकाश. ग्लास संपल्यावर त्यांनी पुन्हा भरला. तोही तसाच प्याले. तहान पहिल्या ग्लासातच भागली असणार.

खोलीत बोलणे चालू होते. कोणाचे तरी अपील फेटाळले होते, त्यावर वाद होता.

संध्याकाळी आम्ही परत निघालो. बोरसीच्या वळणावर ते सायकलवरून उतरले आणि चालू लागले, म्हणून मीही उतरलो.

"तुमी होते ना तिथं. कोणी काही बोललं?"

"नाही."

"मायाकडं कोणी पाह्यलं?"

"एकाने पाहिले. पांढऱ्या मिश्यांच्या त्या वकिलांनी."

ते थांबले. "कसं पाह्यलं?"

"त्यांना ग्लास हवा होता. तुमचे होण्याची वाट पाहत होते."

वकीलसाहेब पुन्हा चालू लागले. हँडलला रिकामे शिंके लटकत होते, ते चाकाला घासून आवाज करीत होते. बराच वेळ त्यांनी ते सोडवले नाही.

"मंग इतके वर्ष ते वजन मी कावून वाह्यलं?"

मी म्हणालो की आज कोणी बोलले नाही, तेव्हा बोलले असते. त्यांनी वकिली सुरू केली तेव्हाचे दिवस वेगळे होते.

"आसन. बोलले बी असते." त्यांनी वाकून शिंके चाकातून काढले आणि हाताला गुंडाळले. "पण तेवा कोणी फावडं उचललंच नाई ना. उचलायच्या आंधीच मी सरलो. आता काय ठरवता? तो गड्ढा भरला, वरून रोलर फिरला. आता कोणाले विचारू मी, मांगं काय होतं?"